मुलांसह डोंगरवाट : नेपाळच्या दोन आठवड्यांचा हिशोब

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की व्यापारी आणि कारागिरांच्या घरातील मुले दोनच ठिकाणी दिसतात : एक तर दुकानात गल्ल्याजवळ, नाही तर आजोळी. दोन्हीकडे मूल काही ना काही शिकतेच. परंतु बारा ते पंधरा या वयाची गरज आणखी वेगळी असते. अंगात ताकद आलेली असते, ती कोठे लावावी ते कळत नसते आणि वडिलांशी बोलणे हळूहळू कमी होत चाललेले असते. नववीची परीक्षा संपली की दहावीचे क्लास सुरू होतात. त्यानंतर कोणी दुकानात येतो, कोणी आयटीआयला जातो, कोणी वसतिगृहात राहतो. मुलगी असेल तर तिचे घराबाहेर पडणे त्याहून लवकर आखडते. म्हणजे मुलांबरोबर मोकळेपणाने चार पावले चालण्याचे उन्हाळे हाती उरतात दोन, फार तर तीन. हा माल पुन्हा बाजारात येत नाही.

म्हणून ज्यांना ऐपत आहे आणि ज्यांनी एकदा तरी मुलांना परदेश दाखवायचे मनात धरले आहे, त्यांच्यासाठी आम्ही येथे एका सहलीचा पुरता हिशोब मांडत आहोत. सहल बसून पाहण्याची नाही, पायांनी चालण्याची आहे.

हंगाम पाहून देश निवडा

परदेश म्हटले की आपल्याकडे पहिले नाव दुबईचे येते. पण मे महिन्यात तेथे पारा चाळिशीत असतो. मुले उन्हात फिरू शकत नाहीत, सगळा वेळ थंड केलेल्या बाजारांतच जातो. स्वित्झर्लंडचे नाव मोठे आहे, परंतु मे महिन्यात आल्प्सच्या उंच वाटांवर बर्फ असतो आणि डोंगरावर नेणाऱ्या अनेक रोपवे देखभालीसाठी बंद असतात. तेथला खरा हंगाम जूनच्या अखेरीस सुरू होतो आणि तोवर आपल्या शाळा उघडलेल्या असतात.

नेपाळचे गणित मात्र आपल्या सुटीशी जुळते. तेथे मान्सून साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतो. त्याआधीचा मे महिना चालण्यास योग्य असतो. सकाळी आकाश मोकळे असते, दुपारनंतर ढग येतात, कधी गडगडाटासह सर पडते. वणव्यांच्या धुरामुळे काही दिवस शिखरे धूसर दिसतात, म्हणून शिखरे पाहायची ती पहाटेच. एकदा पाऊस सुरू झाला की मग वाट निसरडी होते आणि जळवा लागतात. नेपाळातील सर्वाधिक पावसाचे गाव लुम्ले याच वाटेच्या शेजारी आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

आपला धंद्याचा हंगामही पाहावा लागेल. शिंपी, जरीकाम करणारे, बांगडीवाले, मंडपवाले आणि आचारी यांची लग्नसराई एप्रिल-मेमध्येच असते. चामड्याच्या आणि कपड्याच्या व्यापाऱ्यांचे लक्ष बकरी ईदकडे असते. ही ईद चंद्रदर्शनानुसार 2027 मध्ये मेच्या मध्याला आणि 2028 मध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात येते. म्हणजे ईद घरी करून, वसुली उरकून निघाले तर पावसाच्या आधी परतणे दोन्ही वर्षी जमण्यासारखे आहे.

कागदपत्रे

भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. मोठ्यांकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवे. विमानाने जाताना या दोहोंपैकी एक लागतेच, केवळ आधारकार्डावर मोठ्यांना सोडत नाहीत. पंधरा वर्षांखालील मुलांना आधारकार्डासारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातील ओळखपत्र चालते. सुटी लागल्यावर मुख्याध्यापक भेटत नाहीत, तेव्हा हा कागद मार्चमध्येच घ्यावा. सर्वांत सोपे म्हणजे मुलांचे पासपोर्टच काढून ठेवणे. नावाचे स्पेलिंग सर्व कागदांवर एकच आहे ना, ते आधी तपासा.

चलनाचा दर स्थिर आहे : भारतीय 100 रुपयांना नेपाळी 160 रुपये. हा दर 1993 पासून बदललेला नाही. नोटांबाबत मात्र सावध राहावे. 2018 च्या डिसेंबरमध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी जाहीर केली होती आणि हे नियम पुढेही बदलत आले आहेत. निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी आणि शंभराच्या नोटा भरपूर ठेवाव्यात.

वाट कशी आखावी

पहिले दोन दिवस रेल्वेचे. मुंबईहून मनमाड-भुसावळमार्गे गोरखपूरला थेट गाड्या आहेत, प्रवास साधारण दीड दिवसाचा. गोरखपूरहून सुनौलीची सीमा सुमारे 100 किलोमीटर. तिसऱ्या रात्री सीमेपलीकडे भैरहवा येथे मुक्काम करावा. चौथ्या दिवशी घाटरस्त्याने पोखरा. पाचवा दिवस पोखऱ्यात विश्रांतीचा : फेवा तलावात होडी वल्हवावी, सायकली भाड्याने घ्याव्यात, पाय मोकळे करावेत.

सहाव्या दिवसापासून खरी वाट सुरू होते. पोखऱ्याहून जीपने नयापूलमार्गे टिखेढुंगा गाठावे आणि तेथून उल्लेरीपर्यंत चढावे. या चढाला दगडी पायऱ्याच तीन हजारांहून अधिक आहेत. आता जीप उल्लेरीपर्यंतही जाते, पण ती घेऊ नये. मुलांना याच पायऱ्या पुढे आठवतील. सातव्या दिवशी ऱ्होडोडेंड्रॉनच्या जंगलातून घोरेपानी, उंची सुमारे 2,850 मीटर. आठव्या दिवशी पहाटे साडेचारला उठून पूनहिल. ही टेकडी 3,210 मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. तेथून धौलागिरी (8,167 मीटर), अन्नपूर्णा (8,091 मीटर) आणि माशाच्या शेपटीसारखे माछापुच्छ्रे दिसते. त्याच दिवशी ताडापानी, नवव्या दिवशी घांद्रुक हे गुरुंग लोकांचे दगडी गाव, दहाव्या दिवशी जीपने पोखरा.

अकराव्या दिवशी काठमांडूच्या वाटेवर त्रिशूली नदीत राफ्टिंग करता येते. पावसाआधी पाणी कमी असते आणि नवख्यांना ही नदी झेपते. शिरस्त्राण आणि अंगाला घट्ट बसणारे जीवरक्षक जाकीट नसेल तर आगाऊ रक्कम गेली तरी चालेल, होडीत बसू नये. बारावा दिवस काठमांडूचा, तेराव्या दिवशी विमानाने परत. चौदावा दिवस हिशोबात मोकळा सोडावा. पाऊस, दरड, पोटदुखी यांपैकी कोणी ना कोणी तो मागतेच.

खर्च आणि करार

अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राच्या परवान्यासाठी भारतीयांना माणशी 1,000 नेपाळी रुपये, म्हणजे आपले 625 रुपये पडत आले आहेत. 1 एप्रिल 2023 पासून नेपाळने परदेशी पदयात्रींसाठी परवानाधारक गाईडचा नियम केला आहे. मुले सोबत असताना नियम नसता तरी गाईड घ्यावाच.

ओझे वाहणाऱ्याला तेथे भरिया म्हणतात. दोन कुटुंबांत एक भरिया घेऊन सगळे सामान त्याच्या पाठीवर लादणारे लोक आम्ही पाहिले आहेत. कारखान्यात माणूस राबविणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये : रोजंदारी, जेवण, राहणे, विमा आणि किती किलो उचलायचे हे निघण्यापूर्वी ठरवून लिहून घ्यावे. घासाघीस एजन्सीशी करावी, भरियाच्या मजुरीत करू नये. आपण मजुराशी कसे वागतो हे मुले चढावर दमलेली असतानाही पाहत असतात.

प्रवास विमा काढताना पदयात्रा, राफ्टिंग आणि आजारी माणसाला हेलिकॉप्टरने उतरविण्याचा खर्च त्यात लिहिला आहे का, ते वाचावे. साध्या विम्यात हे बहुधा नसते. एकूण अंदाजाच्या पाचवा हिस्सा वेगळ्या पाकिटात ठेवावा.

पाय, पोट आणि डोके

तयारी दोन महिने आधी सुरू करावी. दर रविवारी सिंहगड, दौलताबाद किंवा जवळची कोणतीही टेकडी मुलांसह चढावी, पाठीवर पिशवी घेऊन. बूट तेव्हाच विकत घ्यावेत. नवा जोडा चावतो हे चामड्याच्या कारागिरांना सांगायला नको. मुलाच्या पाठीवरचे ओझे त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असावे.

अडीच हजार मीटरच्या वर काहींना विरळ हवेचा त्रास होतो. या वयाची मुले लाजेने सांगत नाहीत. डोके दुखणे, उलटी, जेवण नको होणे ही लक्षणे दिसली तर त्या दिवशी वर चढू नये, वाढली तर लगेच खाली उतरावे. पूनहिल राहिली तरी चालेल.

वाटेवरच्या लॉजमध्ये दाल-भात सर्वत्र मिळतो आणि एकदा पैसे दिले की भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात. डोंगरात मांसाच्या हलाल असण्याची खात्री नसते, मोमोत म्हशीचे मांस असते. तेव्हा चालण्याच्या दिवसांत डाळ, बटाटे, अंडी यांवर भागवावे. पोखरा आणि काठमांडूत हलाल खाणावळी आहेत. पाणी उकळलेलेच प्यावे.

वाटेवर भेटणारे आपले

नेपाळच्या मध्य डोंगरात चुरौटे नावाचा मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. बांगड्या घडविणे आणि गावोगाव विकणे हा त्यांचा जुना व्यवसाय, नावही त्यावरूनच पडले. काठमांडूत घंटाघराजवळ काश्मिरी तकिया आणि जामे मशीद आहे. काश्मिरी व्यापारी तेथे मल्ल राजांच्या काळात आल्याचे सांगतात. 1857 च्या उठावात इंग्रजांशी लढलेल्या अवधच्या बेगम हजरत महल यांना नेपाळने आसरा दिला. त्या 1879 मध्ये काठमांडूत वारल्या, त्यांची कबर याच मशिदीजवळ आहे. पुस्तकात वाचलेले नाव मुलांना तेथे प्रत्यक्ष भेटते. वेळ उरला तर भक्तपूरचा कुंभारवाडा पाहावा. चाकावर बसलेला कारागीर कोणत्याही देशात ओळखीचाच वाटतो.

शेवटची एक सूचना. सहलीची खर्चाची वही मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी. सकाळी ठरावीक रक्कम तिच्याकडे सोपवावी. चहा, दाल-भात, जीप, पाणी सारे तिनेच द्यावे, नेपाळी रुपयांचे भारतीय रुपये तिनेच करावेत आणि रात्री लॉजच्या दिव्याखाली जमाखर्च जुळवून दाखवावा. पाच-पन्नास रुपये चुकतील. ते चुकू द्यावेत, आणि कोठे चुकले ते तिचे तिलाच शोधू द्यावे.