श्वासनळीची भिंत

गळ्याच्या तळाशी जी खळगी असते, तिथे बोट टेकवा आणि किंचित वर सरकवा. कडक कड्या लागतात, त्या कूर्चेच्या. सोळा ते वीस असतात, घोड्याच्या नालेसारख्या, मागून उघड्या. मागे अन्ननलिका चिकटून असते, म्हणून तिथे नुसता स्नायू. खोकताना हा स्नायू आवळतो, नळी अरुंद होते आणि हवा जोरात सुटते.

कड्यांमुळे नळी मिटत नाही, एवढंच. खरं काम आतल्या अस्तराचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पेशींचे तीन-चार थर दिसतात, पण ती फसवणूक आहे. थर एकच. गर्दीत डोकी वरखाली दिसली तरी पाय सगळ्यांचे जमिनीवरच असतात, तसं इथल्या प्रत्येक पेशीचं बूड तळपडद्याला टेकलेलं असतं. मधूनमधून पेल्याच्या आकाराच्या चषकपेशी चिकट श्लेष्मा सोडतात. उरलेल्या बहुतेकींच्या डोक्यावर केसांसारखी रोमकं, एकेकीवर दोनशेच्या आसपास. लांबी सहा-सात मायक्रॉन.

रोमक सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतं. पुढे जाताना ताठ राहतं, टोकाने वरचा श्लेष्मा ढकलतं. परतताना वाकून खालच्या पातळ पाण्यातून सरपटत येतं, म्हणजे ढकललेलं परत ओढलं जात नाही. या पाण्यावर सगळं अवलंबून. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात तेच आटतं आणि रोमकं चिकटून बसतात. एरवी धूळ, जंतू, काजळी मिनिटाला साधारण पाच मिलिमीटर वेगाने घशाकडे चढतात. तिथून आपण ते नकळत गिळून टाकतो. किळस वाटते, पण दिवसभर हेच चालू असतं.

खाली फाटे फुटत जातात तशी भिंत बदलते. कड्यांचे तुकडे होतात आणि मिलिमीटरभर रुंदीच्या नळ्यांत कूर्चा उरतच नाही, स्नायू मात्र असतो. दम्यात तो आवळला की नळीला आधार कशाचाच नाही. इथे चषकपेशींची जागा घुमटाकार पेशी घेतात. माक्स क्लारा या शरीररचनाशास्त्रज्ञाने 1937 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या क्लारा पेशी. पण तो नाझी होता आणि त्याने वापरलेली ऊती मृत्युदंड दिलेल्या कैद्यांची होती. 2013 पासून नियतकालिकांनी ते नाव काढून ‘क्लब पेशी’ केलं. उशिरा केलं, पण बरं केलं.

सिगारेटच्या धुराने रोमकं आधी मंदावतात, मग झडतात. चषकपेशी वाढतात. उंच पेशींच्या जागी काही ठिकाणी चपट्या, बिनरोमकांच्या पेशी येतात. कफ वाढतो आणि तो वर चढवणारं कुणी नसतं. मग सकाळी उठून खोकतच तो काढावा लागतो. सिगारेट सोडल्यावर रोमकं पुन्हा कामाला लागतात आणि काहींचा खोकला पहिले काही आठवडे उलट वाढतो. लांबला तर डॉक्टरांना दाखवा, पण ‘सोडल्यामुळेच त्रास झाला’ म्हणून पुन्हा पेटवू नका.