टक्के कशाचे? विकरांनी घडवलेल्या औषधांचा ताळेबंद

एका लाखामागे १,५०० आणि एका लाखामागे २५. मधुमेहावरच्या सिटाग्लिप्टिन या औषधाचा कळीचा टप्पा ऱ्होडियम धातूच्या उत्प्रेरकाने पार पाडला, तर तयार होणाऱ्या दर एक लाख रेणूंपैकी सुमारे १,५०० रेणू उलट्या घडणीचे निघतात, डाव्या हाताच्या मोज्यांत मिसळलेल्या उजव्या मोज्यांसारखे. तोच टप्पा विकराकडून, म्हणजे एन्झाइमकडून, करून घेतला तर हा आकडा २५च्याही खाली जातो. चूक ६० पटींनी कमी होते. औषधात उलट्या घडणीचे रेणू चालत नाहीत, त्यामुळे हे १,५०० रेणू पुढे स्फटिकीकरण करून वेगळे काढावे लागत. ऱ्होडियमचा अंश काढायला कोळशाची प्रक्रिया लागे, ती वेगळीच.

हे आकडे मर्क आणि कोडेक्सिस या अमेरिकी कंपन्यांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. आधीच्या प्रक्रियेच्या तुलनेत एकूण उतारा १० ते १३ टक्क्यांनी वाढला. रिअ‍ॅक्टरच्या दर लिटरमागे दिवसाला मिळणारे उत्पादन ५३ टक्क्यांनी वाढले, म्हणजे तेवढ्याच भांड्यात दीडपट माल. जड धातूंचा वापर शून्यावर आला. चौरस इंचाला २५० पौंड दाबाने हायड्रोजन सोडावा लागे, ते दाबसह भांडे आणि त्याची जोखीम दोन्ही गेले. एकूण कचरा मात्र १९ टक्क्यांनीच घटला.

बाकीच्या आकड्यांशेजारी हे १९ टक्के तोकडे दिसतात. त्याचे एक कारण विकराच्याच भांड्यात आहे. सिटाग्लिप्टिनचा पूर्वपदार्थ पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मिश्रणात जवळपास निम्मे डायमिथाइल सल्फॉक्साइड घालावे लागते. विकर आले म्हणून द्रावक संपले, असे झाले नाही. दुसरे कारण तुलनेच्या पायात आहे. जिच्याशी तुलना झाली ती ऱ्होडियम-प्रक्रिया स्वतःच २००६ साली अमेरिकेच्या हरित रसायन पुरस्काराची मानकरी होती. तिने त्याआधीच्या पद्धतीपेक्षा दर किलो औषधामागे २२० किलो कचरा कमी केला होता. मोठी कपात आधीच होऊन गेल्यावर जे उरले, त्यातले हे १९ टक्के आहेत. विकरांविषयीचा कुठलाही टक्का वाचताना तो कशाचा, हे आधी विचारायला हवे. उरलेला लेख त्याच प्रश्नाचा आहे.

या विकराची सुरुवात शून्यापासून झाली. आर्थ्रोबॅक्टर या जिवाणूच्या कुळातले एटीए-११७ हे विकर सिटाग्लिप्टिनच्या पूर्वपदार्थाला दादच देत नव्हते, कारण एवढा मोठा रेणू त्याच्या खाचेत मावत नव्हता. संशोधकांनी आधी रेणूचा लहान तुकडा विकरापुढे ठेवला, खाच थोडी रुंद केली आणि मग पूर्ण रेणू दिला. क्रिया दाखवणाऱ्या पहिल्या वाणाच्या भांड्यात लिटरला २ ग्रॅम कच्चा माल आणि १० ग्रॅम विकर होते. २४ तासांत रूपांतर झाले ०.७ टक्के. म्हणजे एक ग्रॅम विकरामागे सुमारे १.४ मिलिग्रॅम उत्पादन. निवडीच्या अनेक फेऱ्यांनंतर, २७ बदल पोटात घेतलेले जे विकर हाती आले, त्याच्या भांड्यात लिटरला २०० ग्रॅम कच्चा माल, ६ ग्रॅम विकर आणि ९२ टक्के उतारा होता. एक ग्रॅम विकरामागे आता सुमारे ३१ ग्रॅम. दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर २२ हजारांच्या घरात जाते. विकरे निसर्गातून आयती उचलली जातात ही समजूत इथे टिकत नाही. हे विकर निसर्गात नव्हते, ते घडवावे लागले. अशा घडवण्याच्या पद्धतीसाठीच फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

भारतासाठी हे औषध दूरचे नाही. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि सिटाग्लिप्टिनचे भारतातले पेटंट जुलै २०२२मध्ये संपले.

विकर नेहमी घडवावेच लागते असेही नाही. मज्जातंतूंच्या वेदनेवरच्या प्रीगॅबॅलिनसाठी फायझरने लायपोलेज हे बाजारात मिळणारे लायपेज वापरले. कपड्यांवरचे तेलकट डाग काढण्यासाठी धुण्याच्या पावडरीत घालतात, तेच हे विकर. एक किलो औषधामागे होणारा कचरा ८६ किलोंवरून १७ किलोंवर आला, म्हणजे ८० टक्के घट. पण हे सगळे श्रेय लायपेजच्या कौशल्याला देता येत नाही. इथे विकर उलटे-सुलटे रेणू फक्त निवडते, त्यामुळे एका फेरीत निम्म्याहून अधिक माल हाती येऊच शकत नाही. खरा फरक वेळेचा आहे. जुन्या पद्धतीत निवड शेवटच्या टप्प्यावर होई, म्हणजे सगळे टप्पे पार करून आलेला निम्मा माल वाया जाई. नव्या पद्धतीत निवड पहिल्याच टप्प्यावर होते आणि नको असलेला निम्मा भाग पूर्ववत करून पुन्हा भांड्यात घालता येतो. उतारा २० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४० ते ४५ टक्क्यांवर गेला. विकरे विरळ द्रावणातच काम करतात, असा आक्षेप अनेक वर्षे ऐकू येई. या भांड्यात कच्चा माल लिटरला ७६५ ग्रॅम असतो.

सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत बोलका हिशेब पेनिसिलिनचा आहे. अमॉक्सिसिलिन आणि अँपिसिलिन यांचा गाभा ६-एपीए हा रेणू. तो मिळवायला पेनिसिलिन-जीची एक बाजूची साखळी तोडावी लागते. अडचण अशी की तोडायचा बंध चिवट आहे आणि शेजारी, ज्यावर औषधाचा सगळा गुण अवलंबून आहे तो चौकोनी कड्यातला बंध, नाजूक. साधे आम्ल किंवा अल्कली घातले तर आधी नाजूकच तुटतो. त्यावरचा रासायनिक उपाय उणे ४० अंश सेल्सियसला चाले. ५०० किलो ६-एपीए बनवायला सुमारे ३०० किलो ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन, ८०० किलो डायमिथाइलॲनिलिन, ६०० किलो फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि १६० किलो अमोनिया लागे. बेरीज १,८६० किलो, म्हणजे मालाच्या पावणेचार पट रसायने. शिवाय डायक्लोरोमिथेन आणि ब्युटेनॉल प्रत्येकी ४,२०० लिटर.

पेनिसिलिन ॲसायलेज हे विकर तेच काम कोमट पाण्यात करते. ५०० किलोंना एक-दोन किलो विकर, ४५ किलो अमोनिया आणि १०,००० लिटर पाणी पुरते. दाण्यांवर बसवलेले विकर भांड्यात फिरत असते. जसजशी साखळी तुटते तसतसे फिनाइल ॲसेटिक आम्ल सुटते, पीएच उतरू लागतो, आणि तो ८च्या आसपास धरून ठेवण्यासाठी अमोनिया हळूहळू सोडला जातो. अमोनिया घेणे थांबले की क्रिया संपली, हे चालवणाऱ्याला कळते. मग दाणे गाळून पुढच्या बॅचला वापरतात, असे शेकडो वेळा. १,८६० किलो रसायनांच्या जागी ४५ किलो आली, म्हणजे ९७ टक्क्यांहून अधिक घट.

याच हिशेबात एक विसंगती आहे. जुन्या पद्धतीत एक किलो ६-एपीएमागे १६.८ लिटर द्रव लागे, नव्या पद्धतीत २० लिटर लागतो. द्रवाचे आकारमान कमी झालेले नाही, वाढलेले आहे. फक्त तो आता पाणी आहे.

पाणी कचऱ्यात धरायचे की नाही, यावर मोठमोठे आकडे फिरतात. रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली मांडलेला ई-फॅक्टर म्हणजे एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषधउद्योगासाठी त्यांनी तो २५ ते १००च्या वर दाखवला होता, आणि त्यात पाणी मोजत नसत. कोलेस्टेरॉलवरच्या ॲटोर्व्हास्टॅटिनचा एक मध्यवर्ती घटक कोडेक्सिसच्या तीन विकरांनी बनतो. त्याचा ई-फॅक्टर पाणी वगळता ५.८ आहे आणि पाणी धरले तर १८. एकच प्रक्रिया, एकच कारखाना, आकड्यांत तिपटीचा फरक. द्रावकांनी आणि क्षारांनी लडबडलेले ते पाणी शुद्ध करायला ऊर्जा लागते, म्हणून दुसरा आकडा छापणे मला अधिक प्रामाणिक वाटते. ही प्रक्रिया मांडणाऱ्यांनी दोन्ही छापले, हे नोंदवायला हवे.

‘धातुमुक्त’ हा शब्दही तपासून घ्यावा. जपानमध्ये निट्टो कंपनीने १९८५पासून ॲक्रिलामाइड जिवाणूंच्या विकराने बनवायला सुरुवात केली. त्याआधी तांब्याचा उत्प्रेरक लागे. १९९१पासून वापरात आलेल्या ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रॉस जे-१ या जिवाणूचे विकर ९९.९ टक्क्यांहून अधिक रूपांतर करते. पण त्या विकराच्या गाभ्यात कोबाल्ट आहे. धातू नाहीसा झाला नाही, प्रथिनाच्या आत गेला आणि त्याचे प्रमाण नगण्य झाले. ॲक्रिलामाइड हे टनांनी विकले जाणारे स्वस्त रसायन आहे, त्यामुळे विकरे फक्त महागड्या औषधांना परवडतात हा दावाही इथेच पडतो.

उताऱ्याचा टक्काही असाच तपासावा लागतो. मर्कने २०१९ साली एचआयव्हीवरच्या इस्लाट्राव्हिर या रेणूसाठी नऊ विकरे वापरली. काम तीन टप्प्यांत, मधला कुठलाही पदार्थ वेगळा न काढता, आणि एकूण उतारा ५१ टक्के. प्रत्येक टप्प्याची सरासरी काढली तर ती ८० टक्के येते. रसायनशास्त्रज्ञाला ८० टक्के हा काही विक्रम वाटणार नाही. पण ८० टक्क्यांचे १२ टप्पे एकामागून एक लावले तर हातात उरतात ७ टक्के. इथली कमाई टप्पे कमी होण्यात आहे, एकेका टप्प्याच्या उताऱ्यात नाही.

महाराष्ट्राचा संबंध पेनिसिलिनच्या बाजूने येतो. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली ती पेनिसिलिन देशात बनावे म्हणूनच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी यॉर्क विद्यापीठाबरोबर पेनिसिलिन-व्ही ॲसायलेजची त्रिमितीय रचना १९९९ साली प्रसिद्ध केली. कात्रीचे ज्ञान घरात होते. कापायचे कापड मात्र पुढे बाहेरून, मुख्यतः चीनमधून, येऊ लागले. ६-एपीएच्या ताळेबंदात विकर ५०० किलोंमागे एक-दोन किलो आहे. मुख्य कच्चा माल पेनिसिलिन-जी आहे आणि तो किण्वनातून येतो. केंद्र सरकारने २०२० साली औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना आणली, तीत पेनिसिलिन-जी होते. आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ लायफिअस फार्माचा वर्षाला १५,००० टन क्षमतेचा प्रकल्प २०२४ साली सुरू झाला. रेणुभारांच्या हिशेबाने पोटॅशियम क्षाराच्या एक किलो पेनिसिलिन-जीतून जास्तीत जास्त ०.५८ किलो ६-एपीए मिळते. पूर्ण क्षमता या एकाच कामाला लावली तर कमाल मर्यादा ८,७०० टनांची, आणि सोबत निघणारे सुमारे ५,५०० टन फिनाइल ॲसेटिक आम्ल पुन्हा किण्वनाच्या टाकीत घालता येते.