जाहिरातीचा दर आणि श्रोत्यांची मोजदाद

दिवाळी सरली, धान घरात आले, की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. वडशाच्या नाटक कंपन्यांना गावोगावची बोलावणी येतात. रात्री नाटक रंगात आले, तरी गावचे आयोजक रंगमंचाकडे पाहत नाहीत. ते मंडपाकडे पाहतात. खुर्चीवर किती, खाली किती, बाया किती, बाहेरगावचे किती, हे त्यांना एका नजरेत समजते. त्या कंपनीला पुढल्या साली बोलवावयाचे की नाही, ते तेथेच ठरून जाते.

श्रोतेहो, रेडिओवाल्याला ही सोय नाही. त्याचा मंडप त्याला दिसत नाही. निवेदक बंद खोलीत बसून नमस्कार म्हणतो. तो नमस्कार सिरोंच्यात कोणी ऐकला, की भामरागडात त्या वेळी संचच बंद होता, हे त्याला समजावे कसे? आणि हे समजल्यावाचून जाहिरातीचा दर काही ठरत नाही.

दुकानदार रेडिओकडून विकत घेतो तरी काय? कागदावर लिहिलेले असते दहा सेकंद. पण खरे म्हणाल, तर तो वेळ घेत नाही, कान घेतो. सकाळी सातचे दहा सेकंद आणि दुपारी तीनचे दहा सेकंद घड्याळात सारखेच. बाजारात मात्र सारखे नाहीत.

ही गोष्ट आपल्या देशाला शिकवली ती कोलंबोने. डॉ. केसकर हे नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवर सिनेमाची गाणी फार कमी झाली. श्रोत्यांनी मुकाट्याने काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५२ साली तेथे बिनाका गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सायानी, आणि पैसा दात घासण्याच्या मलमाचा! गाणी आपली, ऐकणारे आपले, गिऱ्हाईकही आपले. जाहिरातीची रक्कम तेवढी समुद्रापार गेली. मग १९५७ साली विविधभारती आली. पुढे अशोक चंदा यांच्या समितीने रेडिओवर जाहिराती घ्याव्यात असे सुचविले (समितीच्या नावाचा आपल्या चांद्याशी काही संबंध नाही, तो योगायोग), आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविधभारतीवर जाहिराती ऐकू येऊ लागल्या.

त्या काळी श्रोत्यांची मोजणी म्हणजे पत्रांची मोजणी, असाच पुष्कळांचा समज होता. पण पत्र लिहिणारा श्रोता निराळा आणि नुसता ऐकणारा निराळा. झुमरीतलैया या लहानशा गावाचे नाव फर्माइशींमुळे देशभर झाले. म्हणून तेथे देशातले सर्वांत जास्त श्रोते होते, असे कोणी म्हणेल काय? तेथे पोस्टकार्डे लिहिण्याची हौस होती, एवढेच त्यावरून सिद्ध होते. आणि ज्या माउलीला अक्षर येत नाही, ती रोज ऐकत असली तरी टपालाच्या थैलीत कधी सापडायची नाही.

म्हणून निवडक माणसांना विचारण्याची रीत निघाली. २००७ साली खाजगी एफ्. एम्. केंद्रांसाठी अशी मोजणी सुरू झाली. निवडलेल्या माणसांना वही द्यायची, आणि कोणत्या वेळी कोणते केंद्र ऐकले ते त्यांनी टिपून ठेवायचे. ही मोजणी चारच शहरांत होती: मुंबई, दिल्ली, बंगलोर आणि कलकत्ता. चंद्रपूर नाही, गडचिरोली नाही.

थोड्या माणसांवरून सर्वांचे कसे कळेल, असे आपण विचाराल. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतोच. पण हंडा ढवळलेला हवा. वरचे शीत शिजले आणि तळाचे कच्चे, असे असेल तर परीक्षा फसते. चंद्रपूरच्या गोल बाजारात चारशे माणसांना विचारून दोन्ही जिल्ह्यांचे उत्तर काढणे म्हणजे वरचेच शीत दाबून पाहणे. शिवाय हंडा नीट ढवळला तरी उत्तर नेमके येत नाहीच. चारशेंपैकी शेकडा २० जणांनी एक केंद्र सांगितले, तर खरा आकडा १६ ते २४ यांच्या दरम्यान कोठेतरी धरावा. दुसऱ्या केंद्राला शेकडा २२ मिळाले, तर ते पुढे गेले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. व्यापारात मात्र तेवढ्या फरकावर पैसा इकडचा तिकडे होतो. मला हा व्यवहार काही शहाणपणाचा वाटत नाही.

नुसते किती हे कळून भागत नाही. कोण हेही कळावे लागते. समजा, एका केंद्राला सकाळी ५०,००० श्रोते आहेत आणि दहा सेकंदांचा दर ५०० रुपये आहे. दुसऱ्याला १०,००० श्रोते, दर ३०० रुपये. पहिल्याकडे हजार कानांना १० रुपये पडतात, दुसऱ्याकडे ३०. पहिले स्वस्त दिसते. आता जाहिरात देणारा धानाचे बियाणे विकतो असे धरा. पहिल्याच्या श्रोत्यांत शेतकरी ५,०००च, दुसऱ्याच्या ९,०००. म्हणजे हजार शेतकऱ्यांना पहिल्याकडे १०० रुपये आणि दुसऱ्याकडे सुमारे ३३. लहान केंद्र स्वस्त ठरले! हा हिशेब सातव्या इयत्तेचा आहे, पण तो मांडावयास श्रोत्यांची वये, धंदे, भाषा माहीत असाव्या लागतात.

येथेच आपल्या भागाचे घोडे अडते. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला १९३ माणसे होती, गडचिरोलीत ७४. मुंबई उपनगरात वीस हजारांवर. म्हणजे तेवढ्याच रानातून मिळणारे कान थोडे. त्यातही सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडे बंगाली, आरमोरी-वडशाकडे झाडीबोली. एका जाहिरातीला किती जिभा लावणार? मजुराच्या हाती तेंदूपत्त्याचा पैसा उन्हाळ्यात येतो, शेतकऱ्याच्या हाती धानाचा दिवाळीनंतर. बाराही महिने खर्चणारे गिऱ्हाईक कमी. त्यामानाने बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा किंवा कोळसा खाणीचा पगारदार जाहिरातदाराला जवळचा वाटतो. सरकारी जाहिरातही हिशेब सोडत नाही. केंद्र सरकारने २०२३ साली खाजगी केंद्रांसाठी दहा सेकंदांचा पायाभूत दर ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. त्यावरची आकारणी शहराची लोकसंख्या आणि श्रोतृसंख्या पाहून होते.

मग रानातल्या श्रोत्याची मोजणी कोणी करावी? जाहिरातीसाठी नव्हे, तर कामासाठी केलेली मोजणीही आपल्या राज्याने पाहिली आहे. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १५० गावे, २० कार्यक्रम. ऐकून झाल्यावर मंडळाने चर्चा करावयाची. पॉल न्यूरथ यांनी तपासणी केली ती ऐकले किती एवढीच नव्हे, तर कळले किती याची. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे ताडून पाहिली, तेव्हा मंडळांच्या गावांत ज्ञानाची भर स्पष्टपणे जास्त पडलेली आढळली. (चांदा जिल्हा त्या वेळी मध्यप्रदेशात होता, आपण त्यात नव्हतो.)

गुरुजींनी मनावर घेतले, तर शाळेतली मुले अशी मोजणी आपल्या गावात करू शकतील. गावातली सगळी घरे एका कागदावर लिहावीत आणि दर पाचवे घर घ्यावे; ओळखीची घरे निवडू नयेत. टोल्यावरची घरे वगळू नयेत. "रेडिओ आवडतो का?" असे विचारू नये, कारण गुरुजींच्या मुलाला कोणी नाही म्हणत नाही. "काल सकाळी सात ते आठ काय ऐकले, आणि कोणाकोणासोबत?" असे विचारावे. संच एक आणि पानठेल्यावर ऐकणारे दहा, ही गोष्ट दुसऱ्या प्रश्नाशिवाय सापडत नाही. मोबाइलवर ऐकणाऱ्यांची नोंद वेगळी करावी. घरात माडिया बोलत असतील, तर तीच बोली येणाऱ्या मुलाला पाठवावे. आणि कागदावर तारीख घालावयास विसरू नये. रोवणीच्या आठवड्यातले उत्तर आणि मंडईच्या आठवड्यातले उत्तर एक येत नाही.