एक हप्ता चुकला, तर पत कुठवर जाते?

शिरूर-दौंडच्या गटांत फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "ताई, फायनान्सचा हप्ता वेगळा, बँकेचा वेगळा. त्याचा ह्याला काय संबंध?"

संबंध आहे. बँका आणि मायक्रोफायनान्स कंपन्या आपल्या कर्जाची माहिती पतमाहिती कंपन्यांना देतात. देशात अशा चार कंपन्या आहेत, सिबिल त्यांतलीच एक. तिथे 300 ते 900 पर्यंत गुण मिळतात. त्यामुळे केडगावात थकलेला हप्ता शिक्रापूरच्या बँकेतही दिसतो. कुणाला जामीन राहिलात, तर तिची थकबाकीही आपल्या नावाला लागते.

गटाची पत मात्र पंचसूत्रीवर ठरते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं. एकीने पैसे थकवले, की बाकीच्या नऊजणींचं पुढचं कर्ज अडतं. म्हणून अडचण असेल तर हप्त्याच्या आधीच्या बैठकीत सांगा. जुनं फेडायला नवं कर्ज काढू नका.

आता दंडाचं. मायक्रोफायनान्स कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. उशिराचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, सगळ्या कर्जावर नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. वसुलीला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर येता येत नाही, शिवीगाळ-धमकी तर चालतच नाही.

घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, हाही नियमच आहे. घरात 16 हजार येत असतील, तर हप्ते 8 हजारांच्या आतच हवेत. हिशेब दुधाच्या पगारावर धरा, उसाच्या बिलावर नको. बिल लांबतं, हप्ता थांबत नाही.

आपला पतअहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात फेडलेलं कर्ज थकीत दिसलं, तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल द्यावा लागतो. त्यासाठी फेडीची प्रत्येक पावती आणि कर्ज संपल्याचा दाखला जपून ठेवा. पुढच्या बैठकीला येताना सगळ्या पावत्या घेऊन या, आपण एकत्र बसून तपासू.