पास कुठाय?

मागच्या रविवारी आमच्या लोकलच्या ग्रुपमधला शेठ कर्जतचं भिसेगाव सोडून तळेगावला मुलाकडे राहायला गेला. गाडीच्या तासभर आधी आम्ही घरून निघालो. गाडी चुकण्याची भीती नव्हती, पुलाचा जिना होता. पूर्वी भिसेगावातून स्टेशनात जायला आम्ही सर्रास रुळावरून उड्या मारायचो. शेठ २००९ पासून एकेक पायरी मोजत जातो. डावा पाय गुडघ्याखाली नाही.

शेठ हे त्याचं ग्रुपमधलं नाव. प्रत्यक्षात तो काळबादेवीकडच्या एका कापडाच्या दुकानात आठ तास उभा राहून ताग्यांच्या घड्या मोडायचा.

मुंब्र्याच्या अपघाताचा विषय निघाला की तो अजून गप्प होतो. ९ जून २०२५, सोमवार सकाळ. एक लोकल कसाऱ्याकडे चाललेली, दुसरी आमच्या कर्जतहून सीएसएमटीकडे. वळणावर दोन्ही गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासली. तेरा जण पडले, चार जण त्याच दिवशी गेले. संध्याकाळपर्यंत टीव्हीवर सुरू झालं, की हे लोक दारात उभेच का राहतात? नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवणार, अशी घोषणाही त्याच दिवशी झाली. दारात का राहतात हे विचारणाऱ्याला एकदा सकाळच्या गाडीत डोंबिवलीहून चढायला लावलं पाहिजे, फार नाही, एकदाच.

अशा पडलेल्यांना भरपाई देणारा कायदा आहे. त्याचा आधीचा इतिहास कंटाळवाणा आहे, दोन वाक्यांत उरकतो. रेल्वेचा कायदा १९८९चा, दावे ऐकणारं न्यायाधिकरणही त्याच वर्षी सुरू झालं, पण गाड्या आपटल्या किंवा घसरल्या तरच पैसे. चालत्या गाडीतून पडलेल्याला १९९४ पर्यंत त्यात जागाच नव्हती. त्या साली १२४-अ हे कलम घातलं, आणि कागदावर तरी ते फार उदार आहे. चूक कुणाची, हे विचारायचंच नाही. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, गुन्हा, नशा किंवा वेड, आजार, एवढे अपवाद सोडले तर पैसे द्यायचे. अट एकच, पडलेला माणूस प्रवासी हवा, म्हणजे तिकीट किंवा पास हवा. प्लॅटफॉर्म तिकीटवालाही चालतो, तेवढं कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय.

एवढीशी अट, पण मी जे दशक बघितलं ते सगळं त्या अटीनं खाल्लं.

२००८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा प्रभाकरन विजयकुमार निकाल आला. केरळातल्या वर्कला स्टेशनात चालती गाडी पकडताना एक बाई पडून गेली होती. न्यायमूर्ती काटजूंनी लिहिलं, की हा कायदा लोकांच्या भल्याचा आहे, त्याचा अर्थ हात आखडून लावू नका, चढताना पडणं हेही पडणंच. पुढं २०१० मध्ये जमीला प्रकरणात न्यायालयानं सांगितलं, की उघड्या दारात उभं राहणं निष्काळजीपणा असेल, पण गुन्हा नव्हे. आमच्या डब्यात यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. आम्हाला पत्ते माहीत होते, आणि बदलापूर गेलं की बसायला जागा होते हे.

जुलै २००९, रात्रीची परतीची गाडी. वांगणी सुटलं होतं, डबा मोकळा झाला होता. शेठ वारा घ्यायला दाराशी गेला. मी पानं पिसत होतो. कुणीतरी ओरडलं आणि दारात कुणीच नव्हतं. साखळी ओढली, गाडी थांबेपर्यंत बरंच अंतर गेलं होतं. पावसात मोबाइलच्या उजेडात आम्ही मागं धावलो.

रुग्णालयात त्याचे कपडे कात्रीनं कापून काढले. पास शर्टाच्या खिशात, प्लास्टिकच्या पाकिटात होता. दुसऱ्या दिवशी वहिनींना एक पिशवी मिळाली. तिच्यात पँट होती, एक बूट होता. शर्ट नव्हता. पाय गेल्याचं तिसऱ्या दिवशी त्याच्या नीट लक्षात आलं. पास गेल्याचं पहिल्याच दिवशी कळलं, कारण वॉर्डात पहिला भेटायला आला तो एका वकिलाचा एजंट, आणि त्याचा पहिला प्रश्न होता, "पास कुठाय?"

या जमातीबद्दल मला सभ्य शब्द सापडत नाही. खबर मिळाली की हे खाटेपाशी हजर. वकीलपत्रावर शेठचा अंगठा घेतला (सही येत असताना!), कागद नेले आणि नाहीसा झाला. दावा करायला मुदत एक वर्षाची. अकराव्या महिन्यात कळलं की काहीच दाखल झालेलं नाही. मग आम्ही धावपळ करून दुसरा वकील धरला. स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाचा दाखला. वहिनींनी कपाटातल्या कागदाखालून जुने तिमाही पास काढले, रबर लावून ठेवलेले. वकील म्हणाले, हे चांगलं आहे, पण त्या दिवशीच्या पासाचं काय? सोबत कोण होतं? त्यांच्यापैकी कुणीतरी प्रतिज्ञापत्र द्या.

सोबत सहा जण होतो. एकाला साहेबाची भीती. एकाचं म्हणणं कोर्टाची पायरी घराण्यात कुणी चढलं नाही. दोघांनी उद्या-परवा करत गाडीच बदलली. मीही उद्या-परवाच करत होतो. माझं कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या रात्री माझा स्वतःचा पास संपून दोन दिवस झाले होते. पगार व्हायचा होता. उलटतपासणीत माझा पास मागितला असता तर काय दाखवलं असतं? सात रात्री विचार केला आणि वहिनींना सांगितलं, मी त्या गाडीत नव्हतो, पुढच्या गाडीत होतो. त्या "बरं" म्हणाल्या. चहा दिला.

प्रतिज्ञापत्र दिलं ते नेरळच्या एकानं, ज्याच्याशी शेठचं रमीच्या हिशोबावरून वर्षभर बोलणं बंद होतं.

२०१३ मध्ये पैसे मिळाले. किती, ते ठरवायला परिशिष्ट आहे. ते मी वाचलंय, तुम्हीही वाचा. गुडघ्याखाली कापलेल्या पायाचा खुंट ८.८९ सेंटिमीटरपेक्षा जास्त की कमी, १२.७० च्या आत की बाहेर, यावर रक्कम ठरते. हे विचित्र आकडे म्हणजे साडेतीन इंच आणि पाच इंच. इंच गेले, सेंटिमीटर आले, माणूस होता तिथंच. खुंटाच्या पुढं जो माणूस आहे तो उभ्यानं काम करणारा की बसून, तिशीतला की साठीतला, परिशिष्टाला कर्तव्य नाही. मृत्यूला सगळ्यात मोठी रक्कम, ती १९९७ मध्ये चार लाख झाली आणि २०१६ संपेपर्यंत चारच राहिली. १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख. पुढं सरकलेली नाही. त्या काळात वडापाव किती वेळा महाग झाला ते कर्जतचं कुणीही पोर सांगेल.

हाच पाय खालापूरच्या टोलनाक्यापाशी एक्सप्रेस-वेवर गेला असता तर? आमच्या दारापासून जेमतेम काही मैल. मोटार अपघाताच्या दाव्यात वय बघतात, कमाई बघतात, वर्षांचा गुणक लावतात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळी बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते, म्हणून दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचा टक्का एक धरू नका. उभ्यानं कापड विकणाऱ्या शेठला हे वाक्य मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे मी गाडीची निवड चुकलो." मोटारवाल्यांचंही आता फार खरं नाही. २०२२ पासून त्यांना सहा महिन्यांची मुदत घातली आहे. पायाची जखम भरायलाच त्याहून जास्त लागतात.

दुकानानं त्याला परत घेतलं नाही. पैशातून त्यानं भिसेगावात झेरॉक्स आणि रिचार्जची टपरी टाकली, जयपूर फूट बसवला, आणि न मागता आमच्या पट्ट्याचा वकील झाला. कुणी पडलं की नातेवाईक आधी त्याच्या टपरीवर. तो झेरॉक्स फुकट काढून द्यायचा आणि एकच पाठ म्हणायचा. पिशवी ताब्यात घ्या, शर्ट टाकू देऊ नका, मेमोची प्रत मागा, वॉर्डातल्या कुणालाही अंगठा देऊ नका. रूळ ओलांडताना लागलेल्यांना तो लगेच सांगायचा, तुमचं १२४-अ मध्ये बसणार नाही, तारखांना घर घालवू नका. हे सांगताना त्याला फार जड जायचं, कारण विचारायला आलेले बहुतेक भिसेगावचेच असायचे.

२०१८ च्या मे महिन्यात रीना देवी निकाल आला. नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून दावा फेटाळायचा नाही. दावेदारानं प्रतिज्ञापत्रावर खरी हकीकत सांगावी, मग तो प्रवासी नव्हता हे दाखवायचं ओझं रेल्वेवर. प्रवाशाचा निष्काळजीपणा ही सबब चालणार नाही. प्रभाकरन निकालानंतर बरोबर दहा वर्षं. टपरीवर त्यानं तो निकाल माझ्यासमोर झेरॉक्स करून घेतला, चार प्रती, आणि एक माझ्याकडे सरकवली. "बघ," म्हणाला, "आता साक्षीदार शोधत फिरायला नको." मी प्रत घडी करून खिशात घातली. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही.

ग्रुप कधीच मोडला. नेरळचा गेला, दोघे बदलापूरला फ्लॅट घेऊन स्थायिक झाले. मोबाइल आल्यापासून डब्यात पत्तेही दिसत नाहीत. पास आता फोनात असतो. फोन सगळ्यात आधी लांब उडतो, हे शेठचं मत.

रविवारी पुण्याकडची गाडी आली. घाटासाठी बँकर इंजिन लावेपर्यंत ती थांबते, तेवढा वेळ बोलायला मिळाला. सूनबाईनं त्याला खिडकीपाशी बसवलं, मी खाली उभा. वहिनी असत्या तर मोठी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या असत्या. इंजिनाचा धक्का बसला तसा तो खिडकीतून वाकला.

"प्लॅटफॉर्म तिकीट काढलंस ना रे?"

तिकीट खिडकीवर रांग होती. मी काढलं नव्हतं.

"काढलंय," म्हटलं.

"बरं," म्हणाला तो, आणि गाडी हलली.