विश्लेषण : जुन्या ‘एमजीबी’वर नवे छत चढवणे इतके नाजूक काम का?

ब्रिटनच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली ‘एमजीबी’ ही उघड्या टपाची गाडी आजही जगभरातील हौशी मंडळींनी जपली आहे. इंजिनाचे सुटे भाग मिळतात, रंगही नव्याने देता येतो. मात्र छत बदलताना भल्याभल्यांचे हात थबकतात. असे का?

छत कशाचे असते?

व्हिनाइलचे. म्हणजे कापडी अस्तरावर पीव्हीसीचा थर. आपल्याकडे ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतात, त्याच जातीतले. हा थर मऊ राहावा म्हणून त्यात मिसळलेली द्रव्ये ऊन आणि उष्णतेने हळूहळू निघून जातात. मग छत कडक होते, घडीवर चिरते आणि मागची पारदर्शक प्लास्टिकची खिडकी पिवळी पडते.

गळके छत इतके धोक्याचे का?

‘एमजीबी’ला वेगळी चासी नाही, बॉडी हाच गाडीचा सांगाडा. छतातून झिरपलेले पाणी गालिच्याखाली साचते आणि तळाचा पत्रा, दाराखालचे पट्टे गंजू लागतात. गाडीचा भार पेलणारे भाग नेमके हेच. म्हणजे प्रश्न केवळ सीट भिजण्याचा नाही, गाडीच्या आयुष्याचा आहे.

छत कसे बसवतात?

आधी लोखंडी सांगाडा तपासायचा. तो वाकलेला असेल, तर महागडे छतही नीट बसत नाही. नवे छत तासभर उन्हात पसरून ठेवायचे, कारण थंडीत व्हिनाइल आखडते आणि उबेत सैल पडते. नंतर छत आणि पुढची आडवी पट्टी या दोन्हींवर खडूने मध्यरेषा आखायची. मागची कड पकडींत अडकवून, दारांच्या काचा वर करून, छत पुढे ओढायचे आणि ते पट्टीवर कुठे येते त्याची खूण करायची.

यानंतर गोंद. तो दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकू द्यायचा. मधून सुरुवात करून कडांकडे सरकत चिकटवायचे. वरून रबराची पट्टी बसवणारी धातूची खाच रिव्हेटने पक्की करायची. बटणांची भोके मात्र सर्वांत शेवटी!

चूक कुठे होते?

ताणाच्या अंदाजात. जास्त ओढले, तर पुढचे खटके लागत नाहीत, शिवण उसवते. सैल राहिले, तर वेगात फडफडते आणि पाणी आत येते. गोंद वेळीच सोडवता येतो, पण चुकीच्या जागी पाडलेले भोक बुजत नाही. म्हणूनच जुने छत लगेच फेकू नये. मापासाठी तेच सर्वांत विश्वासू नमुना ठरते.

पुढे काळजी काय घ्यावी?

ओले छत घडी करू नये, बुरशी धरते. घडी घालताना खिडकीवर मऊ कापड ठेवावे. धुण्यासाठी सौम्य साबण आणि पाणी पुरेसे; पेट्रोल किंवा थिनर लावू नये. आपल्याकडच्या जुन्या जीपच्या रेक्झिन हुडालाही हेच नियम लागू पडतात. एक दिवस जास्त गेला तरी चालेल, पण कात्री आणि पंच हाती घेण्याआधी माप दोनदा घ्यावे.