ताटातले जिवाणू (भाग ४) : ओसाकातलं बल्गेरियन दही

विरजण लागतं तेव्हा दुधात काय घडतं, ते गेल्या भागात पाहिलं. ते रसायन कुठल्याही देशात सारखंच. पण समोर आलेल्या आंबट वाटीबद्दल माणसाचं मत काय होईल, हे तो कुठल्या घरात वाढला यावर ठरतं. याचं सर्वांत बोलकं उदाहरण जपानमध्ये सापडतं.

१९७० साली ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या बल्गेरियाच्या दालनात 'मेइजी' या जपानी दूधकंपनीच्या लोकांनी बल्गेरियन दही चाखलं आणि तसंच दही आपल्याकडे करायचं ठरवलं. तोवर जपानी गिऱ्हाइकाला योगर्ट म्हणजे जिलेटिन किंवा अगर घालून थिजवलेला गोड खाऊ एवढंच ठाऊक होतं. १९७१ मध्ये मेइजीचं बिनसाखरेचं दही बाजारात आलं आणि तक्रारी सुरू झाल्या : हे नासलेलं आहे! मिसो, सोया सॉस, तारा सुटणारा नात्तो रोज खाणारी ही माणसं. आंबवलेलं अन्न त्यांना मुळीच नवं नव्हतं. परका होता तो दुधाचा आंबटपणा.

कंपनीने दही बदललं नाही, त्याची ओळख बदलली. बल्गेरियाची परवानगी मिळवून १९७३ पासून ते 'मेइजी बल्गेरिया योगर्ट' या नावाने विकायला सुरुवात झाली. पुढे अनेक वर्षं डब्यासोबत साखरेची पुडी येत असे. बल्गेरियाच्या नावामागे जुनी पुण्याई होती. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात आपल्या मायदेशच्या दह्यातला जिवाणू ओळखला होता. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या इल्या मेचनिकॉफ यांनी बल्गेरियन शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबट दुधाशी जोडला. तो जिवाणू आतड्यात वस्ती करत नाही, हे नंतर कळलं. पण डोंगर, कुरणं आणि शंभरीचे म्हातारे हे चित्र टिकलं. नासकं वाटलेलं दही त्या चित्राच्या आधाराने आरोग्याचं झालं. १९९६ मध्ये त्याला जपान सरकारची आरोग्यदायी खाद्याची अधिकृत मान्यताही मिळाली.

आपल्याकडे दह्याला असल्या ओळखपत्राची गरजच पडली नाही. परीक्षेला निघताना हातावर दही-साखर, जेवणाच्या शेवटी ताकभात, पोट बिघडलं की दहीभात. त्याच्या जोडीला बंधनंही पक्की : रात्री दही नको, सर्दीत नको, पावसाळ्यात बेताने. जैन घरांत दोन रात्री उलटलेलं दही वर्ज्य. आपण दही पारखतो ते गरम-थंड, ताजं-शिळं या मापांनी. जिवाणू या हिशेबात कुठेच नाहीत. कढीला उकळी फुटली की त्यातले जिवाणू मरतात, म्हणून कुणी कढी करायचं थांबलेलं नाही, आणि थांबूही नये.

त्यामुळे होतं असं, की अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर डॉक्टर जिवाणूंची इवलीशी प्लास्टिकची कुपी लिहून देतात तेव्हा आपण ती निमूट घेतो, आणि घरी तापलेल्या मुलाला मात्र 'थंड पडेल' म्हणून ताक नाकारतो. कुपी औषध, ताक खाणं. ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवाणू असल्याचं सांगणारं 'याकुल्ट'ही इथे औषधाच्या अंगानेच घरात शिरतं.

उलट बाजूची चूकही मला तेवढीच खटकते. 'आमचं विरजण हेच प्रोबायोटिक' असं अभिमानाने म्हणून चालत नाही. जिवंत जिवाणू, पुरेशा संख्येत, आणि त्यांचा आरोग्याला सिद्ध झालेला फायदा, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच शास्त्र तो शब्द वापरतं. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. दही पौष्टिक आहे, अनेकांना दुधापेक्षा सहज पचतं. त्याची बाजू घ्यायला एवढं पुरेसं आहे. 'प्रोबायोटिक' म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे असतील, तर मात्र डब्यावर जिवाणूच्या नेमक्या वाणाचं नाव आणि वापराच्या अखेरच्या तारखेपर्यंत तो किती संख्येने जिवंत राहील, हे छापलेलं असायला हवं.